नाव न घेतलेला हिस्सा

आमच्या घरातले मासे, मटण, अंडी, दूध, तूप, सगळं मी विकत आणते, आणि यातलं काहीही मी खात नाही. लोकांना याचं फार नवल वाटतं. त्यात नवल काय आहे? घरात स्कूटी एकच, ती माझी. तालुक्याच्या शाळेत मी कारकून, येताना बाजार वाटेतच लागतो. नवरा नोकरीनं बाहेरगावी, महिन्यातून दोनदा येतो. घरी आम्ही तिघंच: मी, गुडघ्यांनी खचलेली सासू आणि माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यांची बायको वारून बरीच वर्षं झाली. ते धानाची शेती पाहतात आणि उरलेल्या वेळात मला पाहतात.

पाहतात म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे भासरा आणि लहान भावाची बायको एकमेकांशी थेट बोलत नाहीत. तिनं त्याचं नाव तर तोंडातून काढायचंच नाही. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते सासूला सांगतात. सासू जवळ नसेल तर भिंतीला सांगतात. "आई, सांग तिले, रोहू आणजो म्हणाव. मागच्या बाजारासारखा मरतुकडा नको." मी दोन हातांच्या अंतरावर उभी असते. सासू मान वळवते आणि मला म्हणते, "आयकलं न?"

ऐकलेलं असतं. मग मी केशोरीच्या बाजारात जाऊन रोहू निवडते. कल्ला उचलून पाहते, आत लाल हवा. बोटानं दाबते, खळगा राहता कामा नये. मासेवाल्या बायका मला ओळखून आहेत. ही स्वतः खात नाही पण हिला शिळा मासा खपवता येत नाही, असं त्यांचं मत आहे. किळस येत नाही असं नाही. पहिल्या वर्षी तर पिशवी स्कूटीला लटकवून घरी येईपर्यंत मी श्वास रोखून धरायची. पण मी घर सोडलेलं नाही, फक्त ताट वेगळं केलंय. घरचं आणायचं काम आधीही माझंच होतं, नंतरही माझंच राहिलं.

सोडलं ते दुधापासून. ज्या गोठ्यातून आमचं दूध यायचं तिथे एकदा मी वेळेआधी पोचले. म्हशीचं रेडकू मेलं होतं. त्याच्या कातडीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून ते तिच्यापुढे उभं केलेलं, आणि ती बिचारी ते चाटत पान्हा सोडत होती. मी डबा भरून घेतला, घरी आणून दिला, आणि त्या दिवसापासून दूध प्यायले नाही. दुधामागून तूप, दही, अंडी, मासे, मटण, सगळंच गेलं. टोलीत, म्हणजे आमच्या वस्तीत, आधी बातमी पसरली की मी माळ घातली. बायका गळ्याकडे पाहून जायच्या. माळ दिसेना. "माळकऱ्याले दूध चालते न? मंग तुले काऊन नाई चालत? हा कोनता देव हाय?" देव नाही, असं मी म्हटलं तर कोणाचा विश्वास बसेना. शेवटी शाळेतल्या एका बाईंकडून ऐकलेला शब्द मी घरी सांगितला. म्हटलं, याला व्हीगन म्हणतात.

ती माझी चूक. भासरे गोंदियात बरंच राहिलेले, हिंदी त्यांच्या तोंडात खेळते. ते भिंतीला म्हणाले, "आई, सून बैंगन हो गई."

त्या दिवसापासून मी बैंगन. संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर पोचलं, दुसऱ्या दिवशी सगळ्या टोलीत. लहान पोरंसुद्धा "बैंगनकाकू" म्हणायला लागली. मी हसून घेतलं. खरं सांगते, मनापासून हसले, कारण विनोद चांगला होता.

चटणीवर मात्र हसू आलं नाही.

ही गोष्ट गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यातली. मला जवसाची चटणी फार आवडते आणि सासू ती छान कुटते. माझा डबा वेगळा असायचा. त्या खेपेला चटणीला काही वेगळाच खमंगपणा होता. मी आठ दिवस ती भाकरीशी, भाताशी खाल्ली, शाळेत डब्यात नेली, सासूला दोनदा सांगितलं की यंदा हात फारच चांगला लागलाय. सासूनं आणखी एक चमचा वाढला. नवव्या दिवशी सकाळी मी जेवायला बसले असताना भासरे ओसरीतून भिंतीला म्हणाले, "आई, सांग बैंगनले, आठ दिवसांपासून झिंगे खाऊन राहिली. काही झालं का? मेली का?" आणि हसत सुटले.

सुके झिंगे, म्हणजे सुकट. कुटून, अगदी पीठ करून जवसात मिसळलेले. मी न्हाणीत जाऊन घास थुंकला, मग ओकले. ओकताना माझ्या लक्षात आलं की ते झिंगे मीच आणले होते. पाव किलो, कचरा निवडून, वाळू झटकून, बाजारात दहा मिनिटं उभी राहून.

दुपारपर्यंत तेही पानठेल्यावर पोचलं. पुढे कित्येक महिने मी रस्त्यानं निघाले की कोणी ना कोणी विचारायचं, "काय वहिनी, झिंगे कसे लागले?" कोणी टाकले, हे मी घरात विचारलंच नाही. हसला तो चोर, एवढं मला पुरेसं होतं. मी काय खाते हे मला खरं कळावं, एवढीच माझी मागणी होती. माझ्या घरात, मी आणलेल्या वस्तूंच्या बाबतीत! तेवढंही मिळत नसेल तर मग मर्यादा, मानपान, तोंड फिरवून बोलणं, हे सगळं चुलीत गेलं. मी मनातल्या मनात भासऱ्यांना अरे-तुरे करायला लागले.

बदला घ्यायचा, हे त्याच सकाळी ठरलं. कसा, ते ठरत नव्हतं. शिळा मासा आणावा असं मनात आलं होतं, पण त्यात सासूचंही पोट बिघडलं असतं आणि बाजारात माझं नाव खराब झालं असतं. अंडी आणायची विसरावी, तर ते स्वतः सायकल काढून आणणार. मी रोज सकाळी डब्यात भाकरी भरताना विचार करायची, आणि खोटं कशाला बोलू, त्या विचारानं भाकरीला चव यायची.

शेवटी उपाय त्यांनीच दिला.

पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या टोलीत बोकडाचे हिस्से पडतात. अकरा घरं मिळून बोकड घेतात. मोहाच्या झाडाखाली पळसाची पानं अंथरून त्यावर अकरा ढीग लावतात. तराजू नसतो, डोळ्याचं माप. भांडण नको म्हणून पद्धत अशी: एक माणूस ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. कापणारा एका ढिगाला हात लावून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस कुठल्याही एका घराचं नाव पुकारतो. तो ढीग त्या घराचा. मग पुढचा. कोणी कुरकुर केली की माझ्यात हाड जास्त आलं, तर कापणारा अजून न पुकारलेल्या ढिगातून एखादा तुकडा उचलून त्याच्यात टाकतो. त्यामुळे सगळ्यात शेवटी उरतो तो ढीग उष्टावलेलाच असतो. त्यातली कलेजी तर कधीच गेलेली असते.

पुकारण्याचा मान आमच्या घराचा. गावचा तलाव आमच्या वाडवडिलांनी बांधला, हे भासरे वर्षातून शंभरदा सांगतात, त्यातून हा मान आलेला. ते पुकारणार, म्हणून घरचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, धरून उभं राहायला दुसरं कोणी हवं. ती मी. लग्न झाल्यापासून दर करीला मी गंज घेऊन उभी. खात होते तोवर माझं सगळं लक्ष ढिगांकडे असायचं. खाणं सोडल्यावर ढिगांत बघण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मी माणसांकडे बघायला लागले, आणि ऐकायला.

कापणारा भासऱ्यांचा जुना दोस्त. तो दर वेळी विचारायचा, "हा कोणाचा?" "हा कोणाचा?" आणि मध्येच एकदा, "आन हा कोणाचा?" एवढंच. एक "आन". आणि त्या "आन"वर भासरे बिनचूक आमच्या घराचं नाव घ्यायचे. पहिल्यांदा मला वाटलं योगायोग. पुढच्या करीला मी कान देऊन ऐकलं. पुन्हा "आन", पुन्हा आमचं घर, आणि ढीग कसा, तर मांडीचा गर, कलेजीचा मोठा तुकडा, हाड नावाला. शेवटचं नाव मात्र दर वर्षी टोलीच्या टोकाला राहणाऱ्या एका एकट्या म्हातारीचं.

हे कळल्यावर मी काय केलं? काही नाही. चांगला हिस्सा आमच्याच गंजात येत होता आणि घरची अब्रू होती. मी गंज डोक्यावर घेऊन घरी आले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण न्यायासाठी माझा जीव तुटत होता असं कोणी समजू नये म्हणून लिहिते. चटणी झाली नसती तर मी आजही गप्प राहिले असते.

चटणीनंतरच्या पोळ्याला करीच्या सकाळी मोहाखाली सगळे जमले. भासऱ्यांशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाकडं असलेला एक शेजारी आहे. दोघांच्या बांध्या, धानाची खाचरं, लागून, दर पावसाळ्यात धुरा कोणी कापला यावरून जुंपते. त्याला संशय होता की नुसती खोड काढायची होती, कोण जाणे. तो म्हणाला, "यंदा बैंगनवहिनीले पुकारू द्या. वहिनी खातच नाई. तिच्या मनात लालूच नाई."

लोक हसले. भासऱ्यांना राग येईल असं मला वाटलं, पण तेच सगळ्यांत मोठ्यानं हसले. त्यांच्या डोळ्यापुढे मजा उभी राहिली असणार: बोकडाशेजारी नाक मुरडून उभी राहिलेली बैंगन. "पुकारू दे न," ते म्हणाले. "मान आमच्याच घराचा हाय, बैंगन बी आमच्याच घरचं." आणि त्यांनी माझ्या पायाशी ठेवलेला गंज उचलून स्वतःच्या हातात घेतला.

मी ढिगांकडे पाठ केली. समोर बोरिंगचा दांडा, त्यावर एक कावळा. मागून आवाज आला, "हा कोणाचा?" मी एका घराचं नाव घेतलं, अमक्याचे बाबा म्हणून. "हा कोणाचा?" दुसरं घर. त्यानं कुरकुर केली, मी वळून न बघता म्हटलं, "द्या न त्याले टाकून. सणाचा दिवस हाय." मग तिसरा. मग चौथ्याला मी टोकाच्या म्हातारीचं नाव घेतलं. कापणाऱ्याचा हात क्षणभर थांबला असावा, कारण पुढचा प्रश्न उशिरा आला.

"आन हा कोणाचा?"

मी धुऱ्यावरच्या शेजाऱ्याचं नाव घेतलं.

मग कापणारा जरा जोरानं म्हणाला, "आन हा कोणाचा म्हनलं मी?" त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. मी तेच नाव दुसऱ्यांदा घेतलं, पार तळ्याच्या पाळीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. शेजारी म्हणाला, "माहाच हाय तो, आयकू नाई येत का?" आणि पानासकट उचलून घेतला.

बाकीची घरं मी सावकाश संपवली. जो कुरकुरला त्याला टाकायला लावलं. दहा नावं झाली आणि मी गप्प झाले. अकरावा ढीग राहिला. कोणीतरी म्हणालं, "याचं नाव घ्या न, वहिनी." मी पदर डोक्यावर नीट केला आणि खाली मान घालून उभी राहिले. तेवढ्यात टोलीतले सगळ्यांत वयस्क आजोबा ओरडले, "अरे येड्यांनो, तिच्या भासऱ्याचं घर राहिलं. भासऱ्याचं नाव कशी घेईल थे? पोरगी मर्यादेची हाय."

मग मी वळले. पानावर दोन खूर, मानेची हाडं, थोडी आतडी आणि चरबीचा गोळा. समोर भासरे गंज धरून. त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बोलणार काय होते? "आन" म्हटल्यावर माझं घर यायला पाहिजे होतं, असं? अकरा घरांदेखत? आजोबा तर माझ्या मर्यादेचं कौतुक अजून करतच होते. भासऱ्यांनी वाकून ते सगळं गंजात भरलं. कलेजीचा कणही त्यात नव्हता. मला इतका आनंद झाला की घरापर्यंत चालताना तोंड पदरात लपवावं लागलं. आठ दिवसांची चटणी त्या पाच मिनिटांत माझ्या पोटातून उतरली.

दुपारी सासूनं गंज उघडला आणि हात घालून चाचपत राहिली. दर करीला कलेजीचा पहिला तुकडा ती मीठ लावून निखाऱ्यावर भाजते आणि एकटी खाते. तोंडात चारच दात उरलेत, मटणातलं तेवढंच तिला चावता येतं. हात बाहेर काढून तिनं भासऱ्यांकडे पाहिलं. तिनं होतं ते शिजवलं.

जेवताना भासरे भिंतीला म्हणाले, "आई, विचार तिले. 'आमचं घर' म्हनता येत नव्हतं का?"

सासूनं मान वळवायच्या आत मी बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा, थेट त्यांच्याकडे बघून. "येत होतं. म्हटलं नाही. जवसात झिंगे टाकले तेव्हा तुम्हाला सांगता येत नव्हतं?"

तेही पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "म्या नाई टाकले." आणि त्यांनी आईकडे पाहिलं.

सासू मानेचं हाड चोखत होती. तिनं ते ताटात ठेवलं. "म्या टाकले," ती म्हणाली. "तू शाळेत चक्कर येऊन पडली होती. डाक्टरनं सांगतलं रगत कमी हाय म्हून. दूध नाई, अंडं नाई, कायचं रगत होईल? तुले समजू नये म्हून पीठ केलं. ह्यानं पाहलं आन गावभर बोंब मारली."

मी म्हटलं, "मला विचारायचं होतं."

"इचारलं असतं तं खाल्लं असतं का?"

"नाही."

"मंग?" ती म्हणाली. हाड पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. "म्या तुह्या पोटात जावं म्हून टाकलं. तू माह्या तोंडातलं काढलं."

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो आता दोघांवर वाटून घ्यावा लागला. जिनं टाकलं तिनं मायेनं टाकलं असेल, पण मला फसवूनच टाकलं. ज्यानं टाकलं नाही त्यानं मी आठ दिवस खाताना पाहिलं आणि वाट बघत बसला. तिला माफ करायचं तर तिची माया मोजावी लागणार, त्याला माफ करायचं तर काहीच कारण नव्हतं. सासू उरलेला भात वरणाशी कालवून जेवली. मी तिचं ताट उचललं, भासऱ्यांचं तिथेच राहू दिलं.

आता मी चटणी स्वतः कुटते आणि लोहाच्या गोळ्या सासूच्या समोर गिळते, तिनं पाहावं म्हणून. भासरे पुन्हा भिंतीशी बोलायला लागलेत. बैंगन म्हणत नाहीत. टोलीत माझ्या मर्यादेचा इतका बोलबाला झाला की पुकारायचं काम आता माझ्याकडेच आलंय. जो बोकड मी खात नाही तो माझ्यावाचून वाटला जात नाही.

यंदा करीच्या सकाळी मी आधी स्कूटी काढून दुकानात गेले आणि पाव किलो कलेजी घेतली. रंग पाहून, दोनदा बदलून घेतली. घरी येऊन सासूच्या हातात दिली.

"हे कायले?" ती म्हणाली. "आज तं हिस्से हायेत न?"

"असू द्या."

तिनं पुडी उघडून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "यंदा बी?"

"यंदा बी."

ती मिठाचा डबा ओढून चुलीकडे वळली. मी मोहाखाली गेले तेव्हा भासरे गंज घेऊन आधीच येऊन उभे होते. मी ढिगांकडे पाठ केली, पदर नीट केला आणि पहिलं नाव घेतलं. आमचं नव्हतं.